पाकोळी आणि भिंगरी : एकाच आभाळातल्या, पण नात्याने फार लांबच्या

मार्कंडेयकाठ :

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात संध्याकाळी आभाळात भिरभिरणाऱ्या कोणत्याही बारीक, काळसर पक्ष्याला सर्रास पाकोळी म्हटले जाते. या एका नावाखाली दोन वेगळी कुळे वावरतात आणि त्यांच्यातले अंतर थोडेथोडके नाही. भिंगरीचे नाते पाकोळीपेक्षा बुलबुलाशी, चिमणीशी, अगदी कावळ्याशीही जवळचे आहे. उलट पाकोळीचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे अमेरिका खंडात फुलांपुढे तरंगणारे हमिंगबर्ड, आणि त्यांच्यानंतर आपल्याकडचे रातवे. या दोघींची नीट तुलना एका जागी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. तुलनेसाठी आपल्या भागात वर्षभर दिसणाऱ्या दोन जाती घेतो : घर पाकोळी, जिला इंग्रजी पुस्तकांत लिटल स्विफ्ट म्हणतात, आणि लाल बुडाची भिंगरी, म्हणजे रेड-रम्प्ड स्वॅलो.

ही निवड मुद्दाम केली आहे. दोघींच्याही शेपटीच्या मुळाशी फिकट पट्टा असतो आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. पाकोळीचा पट्टा पांढरा असतो, भिंगरीचा विटकरी. पाकोळीची शेपटी आखूड व टोकाशी जवळजवळ सरळ, भिंगरीची लांब आणि खोल दुभंगलेली. मात्र दिवस कलला की दोन्ही पक्षी काळेच दिसतात, म्हणून रंगापेक्षा उडण्याकडे पाहावे असे मी सुचवीन. पाकोळीचे पंख विळ्यासारखे वाकलेले आणि ताठ असतात. ती थोडा वेळ भरभर पंख मारते आणि मग तेच पंख तसेच ताठ धरून हवेतून घसरत जाते. भिंगरी पंख अंगाशी घेते, पुन्हा पसरते, सैल वळणे घेत पाण्यालगत किंवा पिकाच्या शेंड्यांवरून जाते. आणि सर्वांत सोपी खूण अशी, की तारेवर बसलेली दिसली तर ती भिंगरीच. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही.

हे तिच्या पायावरून कळते. किल्ल्याच्या वेशीखाली मरून पडलेली घर पाकोळी मी हातात घेऊन पाहिली आहे. पाय पोटाच्या पिसांत दडलेले, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, आणि चारही बोटे पुढच्या बाजूला वळणारी. बोटे आखूड व जाड, नख्या मात्र बाकदार आणि इतक्या तीक्ष्ण की सदऱ्याच्या कापडात अडकल्यावर सोडवून घ्याव्या लागल्या. या पायाने खडबडीत दगडाला लटकता येते, फांदी किंवा तार पकडता येत नाही, कारण पकडीसाठी मागे राहणारे बोटच नाही. भिंगरीचे पायही लहानच असतात, पण त्यांची रचना चिमणीच्या पायासारखी : तीन बोटे पुढे, एक मागे. मागचे बोट पकडीला असल्यामुळे तिला तार नीट धरता येते आणि झोपेतही ती तारेवरून पडत नाही.

पंखांतही असाच फरक आहे. पाकोळीचे दंडाचे हाड अगदी आखूड व भक्कम असते आणि पंखाची बहुतेक लांबी मनगटाच्या पुढच्या भागाला, म्हणजे हाताला लागलेल्या लांब पिसांनी भरलेली असते. भिंगरीच्या पंखात दंड, कोपर आणि हात यांचे प्रमाण इतर गाणाऱ्या पक्ष्यांसारखेच राहिले आहे, फक्त पिसे लांबली आहेत. शेपटीची पिसे मोजली तर पाकोळीत १० भरतात, भिंगरीत १२.

घरट्यांविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण दोघींचे वेगळेपण आपल्या गावांत डोळ्यांसमोर असते. लाल बुडाची भिंगरी ओल्या डबक्याच्या काठावर उतरते, चोचीत चिखलाची गोळी घेते आणि ती पुलाच्या किंवा गोपुराच्या छताला नेऊन चिकटवते. अशा शेकडो गोळ्यांचे फुगीर पोटाचे घरटे तयार होते आणि त्याला आत जाण्यासाठी चिखलाचीच नळी असते. जवळून पाहिले तर गोळ्यांच्या ओळी वेगवेगळ्या ओळखू येतात. खालच्या वाळून फिकट झालेल्या, कडेची शेवटची ओळ अजून ओलसर आणि गडद. खानापूरच्या बाजूला ही घरटी जांभ्याच्या मातीमुळे तांबडी दिसतात, तर बैलहोंगल आणि सौंदत्तीकडे तीच काळ्या रानातल्या मातीची, करड्या रंगाची. पाकोळी चिखलाला शिवत नाही, कारण तिला जमिनीवर उतरणे परवडत नाही. हवेत तरंगणारी पिसे, गवताच्या काड्या, कापसाचे तंतू उडता उडता चोचीत धरायचे आणि स्वतःच्या लाळेने ते दगडाला चिकटवायचे, असे तिचे बांधकाम असते. विणीच्या दिवसांत तिच्या लाळग्रंथी मोठ्या होतात. तिच्या दूरच्या बहिणीने, इंडियन स्विफ्टलेटने, हेच तंत्र पार टोकाला नेले आहे. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरच्या गुहांत त्यांची वसाहत आहे आणि त्यांची घरटी जवळजवळ निव्वळ लाळेची असतात. त्या अंधाऱ्या गुहांत त्या टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. भिंगरीच्या कुळात असे काही नाही.

मग दोघी सारख्या का दिसतात? दोघींनी एकच काम पत्करले आहे. उडते किडे उडताउडता खायचे असतील तर लांब टोकदार पंख, रुंद जबडा, छोटी चोच, हलके अंग आणि लहान पाय हेच उपयोगी पडतात. दोन वेगळ्या घराण्यांना निसर्गाने एकाच कामाने घडवले, आणि ज्या भागाचा त्या कामाशी संबंध नव्हता तो ज्याच्या त्याच्या घराण्याचा राहिला.

टिळकवाडी :

लेख आवडला. मूळ विधान मात्र मला सहज पटत नाही आणि शंका प्रामाणिक आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये पक्ष्यांची शास्त्रीय मांडणी केली तेव्हा युरोपातली पाकोळी आणि भिंगरी या दोघींना एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, इंग्रजीत जीनस) ठेवले होते. त्याने पक्षी हातात घेऊन तपासले होते, दुरून पाहून अंदाज केला नव्हता. पाय आणि पंख यांचे जे फरक वर दिले आहेत ते सगळे ‘पाकोळी ही आणखी पुढे गेलेली भिंगरी आहे’ असे धरूनही समजावता येतील. एखाद्या भिंगरीच्या वंशजांनी बसणे सोडले, पाय आणखी आखूड झाले, पंख आणखी ताठ झाले, इतकेच. साम्य नात्यामुळे नाही आणि फरक मात्र नात्यामुळे आहे, हे कशावरून ठरवायचे?

शास्त्राच्या बाई, खानापूर :

आपली शंका रास्त आहे. मी वर्गात हा विषय शिकवते तेव्हा हुशार मुले हाच प्रश्न विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नाते ठरवताना, ज्या गुणांवर त्या पक्ष्याच्या धंद्याचा दाब पडत नाही असे गुण आधी पाहावे लागतात. पंखाचा आकार हा साक्षीदार म्हणून कच्चा, कारण उडते किडे खाणाऱ्या कोणालाही तसाच पंख लागणार. कंठातले स्वरयंत्र हा पक्का साक्षीदार. भिंगरी गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातली असल्यामुळे तिच्या स्वरयंत्राला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि तिची बारीक किलबिल खरोखर गाण्यासारखी असते. पाकोळीचे स्वरयंत्र साधे. ती थव्याने इमारतीभोवती घिरट्या घालताना जे काढते ते कर्कश, कंप पावणारे चीत्कार असतात. हवेत किडे पकडायला यातले कोणते स्वरयंत्र जास्त उपयोगी, असा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे हा फरक त्या कामातून आलेला नाही, वारशातून आला आहे. टाळूची हाडे आणि पायांतल्या स्नायूबंधांची मांडणी याच कारणाने महत्त्वाची ठरतात.

दुसरा पुरावा जीवाश्मांचा. अमेरिकेतील वायोमिंगमधल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत इओसिप्सेलस नावाचा एक चिमुकला पक्षी पिसांच्या ठशांसह सापडला. त्याचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पंख ना पाकोळीइतके लांब, ना हमिंगबर्डसारखे, पण त्याची हाडे या दोघांच्या सामाईक पूर्वजांच्या वळणाची आहेत. पाकोळी भिंगरीतून निघाली असती, तर तिच्या मागच्या वाटेवर भिंगरीसारखा पक्षी उभा असायला हवा होता. तिथे उभा आहे तो हमिंगबर्डचा चुलता.

तिसरा पुरावा डीएनएचा, आणि त्याने वाद मिटवला. २०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून मोठा वंशवृक्ष मांडण्यात आला. त्यात पाकोळी आणि हमिंगबर्ड एका फांदीवर येतात, आणि चिमणी-कावळ्यांसारखे झाडावर बसणारे पक्षी, ज्यांच्यात भिंगरी मोडते, अगदी दुसऱ्या फांदीवर. ज्या काळात डायनोसॉर नामशेष झाले त्याच्या आसपास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास, आजच्या पक्ष्यांचे बहुतेक मोठे गट वेगळे होऊ लागले होते. या दोघींचे पूर्वज तेव्हाच्या काळातच दुरावले.

लिनियसबद्दल एवढेच, की त्याच्या हाती बाहेरचे रूप होते आणि त्या पुराव्यावर त्याचा निर्णय योग्य होता. १७७७ मध्ये स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने पाकोळ्यांना वेगळी प्रजाती दिली.

टिळकवाडी :

आभारी आहे, ताई. स्वरयंत्राचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. धंद्याने न घडलेला गुण शोधायचा, ही कसोटी इतर ठिकाणीही लावून पाहता येईल.

उसाचा फड :

मी चिकोडी भागातला शेतकरी आहे. दिवाळीच्या आसपास आमच्याकडे विजेच्या तारांवर शेकड्यांनी पक्षी ओळीने बसतात, वरून काळे-निळे, खालून पांढुरके, गळ्याशी तांबूस. दिवस मावळताना ते उभ्या उसात उतरतात. वरच्या खुणेप्रमाणे तारेवर बसतात म्हणजे भिंगऱ्याच. पण एप्रिलनंतर त्या दिसत नाहीत. या लाल बुडाच्याच का?

मार्कंडेयकाठ :

दादा, गळा तांबूस आणि त्याखाली काळसर पट्टा असेल तर ती माळभिंगरी, म्हणजे बार्न स्वॅलो. ती उत्तरेकडून हिवाळ्यापुरती येते, पाणकणसात किंवा उसात मोठ्या संख्येने रात्र काढते आणि उन्हाळा तापू लागला की परत जाते. वीण तिकडे करते, म्हणून तिचे घरटे आपल्या गोठ्यात दिसत नाही. लाल बुडाच्या भिंगरीच्या छातीपोटावर बारीक उभ्या रेघा असतात आणि गळ्यावर तो तांबडा-काळा पट्टा नसतो. कृष्णेच्या किंवा दूधगंगेच्या पुलाखाली पाहिलेत तर तिसरीही भेटेल : डोक्यावर तांबूस टोपी, खालून स्वच्छ पांढरी, आणि शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या. ती तारवाली भिंगरी. तिचे घरटे उघड्या अर्ध्या वाटीचे असते, नळी नसते.

याच ठिकाणी पाकोळी आणि भिंगरी यांच्यातला आणखी एक भेद सांगण्यासारखा आहे. भिंगरीला विसाव्याला तार लागते, रात्रीला ऊस लागतो. पाकोळीच्या काही जाती विसावा हवेतच घेतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी युरोपातल्या कॉमन स्विफ्टच्या पाठीवर अतिशय हलकी नोंदयंत्रे बसवली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला की विणीचा काळ सोडला तर हे पक्षी १० महिने जवळजवळ सलग हवेत असतात. काही पक्षी तर त्या संपूर्ण काळात एकदाही टेकले नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मोठ्या अल्पाइन स्विफ्टची २०० दिवसांची अखंड भरारी नोंदवली होती. आपली घर पाकोळी मात्र तशी नाही. ती रात्री घरट्यात परतते, आणि वीण संपल्यावरही वर्षभर त्याच घरट्यात झोपते. ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते.

जांबोटीची वाट :

तारेवर, फांदीवर बसत नाही ही खूण चांगली आहे, पण खानापूरच्या पश्चिमेला जंगलाच्या कडेने फिरणाऱ्यांनी एक अपवाद माहीत करून घ्यावा. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूला उंच, निष्पर्ण फांदीवर एक करडा, लांब शेपटीचा पक्षी ताठ बसलेला दिसतो. कपाळावर तुरा असतो आणि नराचे गाल नारिंगी असतात. बसल्यावर पंखांची टोके एकमेकांना ओलांडून जातात. ही तुरेवाली पाकोळी. ती खऱ्या पाकोळ्यांच्या शेजारच्या कुळातली आहे आणि तिला फांदीवर बसता येते, म्हणजे या घराण्यातही पाय पूर्णपणे निकामी होण्याची गरज नव्हती. तिचे घरटे मी दुर्बिणीतून पाहिले आहे. आडव्या फांदीच्या कडेला लाळेने चिकटवलेली साल-पिसांची इवलीशी वाटी, त्यात एकच अंडे मावेल एवढी. पक्षी त्यावर बसला की घरटे पूर्ण झाकले जाते आणि तो नुसताच फांदीवर बसला आहे असे वाटते. लाळेचा वापर हा घराण्याचा गुण आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्याच भागात आणखी एक पक्षी लोकांना चकवतो. राखी रंगाचा, जाड निळसर चोचीचा, आणि एकमेकांना अंग लावून फांदीवर किंवा तारेवर ओळीने बसणारा. तो ॲशी वुडस्वॅलो. नावात स्वॅलो असले तरी तो भिंगरीही नाही आणि पाकोळीही नाही; झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांतल्या कावळ्याच्या बाजूच्या फांदीवरचा तो स्वतंत्र कुळाचा पक्षी आहे. तोही उडते किडेच खातो. म्हणजे एकाच कामावर तीन घराणी लागली आहेत.

हलशीचा वाटसरू :

हलशीच्या जवळच्या एका मोरीखाली भिंगरीची चिखलाची घरटी आहेत. त्यांतल्या एका नळीच्या तोंडाशी पांढरी पिसे चिकटवलेली दिसली आणि आतून चीत्कार ऐकू आले. भिंगरी पिसे बाहेर चिकटवते का?

मार्कंडेयकाठ :

भिंगरी आत मऊ अस्तर घालते, तोंडाशी पिसे डकवत नाही. ते घरटे बहुधा घर पाकोळीने ताब्यात घेतले असावे. पाकोळ्या भिंगरीची तयार घरटी बळकावतात आणि त्यांच्या तोंडाशी लाळेने पिसे लावतात. शक्य झाल्यास आत-बाहेर करणाऱ्या पक्ष्याचे बूड पाहावे. पांढरे दिसले तर खात्री होईल. मात्र बॅटरीचा उजेड आत मारू नये.

बांधकाम खात्यातला एक वाचक :

माझे काम लहान पूल आणि मोऱ्या यांच्या डागडुजीचे आहे. कोणत्या महिन्यांत काम केले तर या पक्ष्यांचे नुकसान होणार नाही, हे कोणी नेमके सांगेल का? जुन्या दगडी पुलांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेण्याची कामे आमच्याकडे नेहमी येतात.

मार्कंडेयकाठ :

आपण हे विचारलेत याचा मनापासून आनंद झाला. या प्रश्नाचे उत्तर दोघींसाठी वेगळे आहे आणि ते त्यांच्या जीवनक्रमातूनच निघते.

लाल बुडाच्या भिंगरीची वीण आपल्याकडे साधारणपणे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालते. पहिल्या वळवाने डबकी भरली की बांधकामाला ओला चिखल मिळतो आणि पाठोपाठ किड्यांची सुगी येते. अंडी उबवायला जेमतेम दोन आठवडे आणि पिल्ले उडायला तीन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काम केले तर तिचे नुकसान सर्वांत कमी. तारवाली भिंगरी मात्र वर्षात केव्हाही वीण करू शकते, म्हणून पाण्यावरच्या पुलाखाली काम काढण्याआधी वाटीत पिल्ले नाहीत एवढे पाहून घ्यावे. काँक्रीटच्या नव्या पुलाचा खालचा भाग तेलकट रंगाने गुळगुळीत केला तर ओला चिखल निसटतो. तिथे हातभर रुंदीची पट्टी खडबडीत सोडली तरी पुरे. नुकते बांधलेले घरटे पडले तरी भिंगरी पुन्हा बांधू शकते, फक्त जवळपास ओली माती हवी. गावातले प्रत्येक डबके बुजवून वर सिमेंट ओतले की ती सोयही जाते.

पाकोळीसाठी मात्र मोकळा महिना सांगता येत नाही. ती वर्षभर घरट्यात झोपते आणि तिची वाढ सावकाश असते. पिल्लू उडायला पाच-सहा आठवडे घेते. आईबाप दर खेपेला घशात किड्यांचा लाळेने बांधलेला गोळा घेऊन येतात. दगडी कमानीची प्रत्येक फट एकाच दिवशी चुन्या-सिमेंटने भरली तर आत असलेले पक्षी कोंडून मरतात. म्हणून दर्जा भरण्याचे काम पावसाळा संपल्यावर, भर दुपारी पाकोळ्या बाहेर असताना आणि टप्प्याटप्प्याने करावे, आणि ज्या फटींच्या कडेला पिसे चिकटलेली किंवा खाली पांढरी विष्ठा पडलेली दिसते त्या तशाच सोडाव्यात. पुलाच्या मजबुतीला धक्का न लावता कमानीच्या वरच्या कोपऱ्यांत अशा काही जागा ठेवता येतील का, हे आपणच अधिक जाणता.

शास्त्राच्या बाई, खानापूर :

यात एक भर घालते. दुरुस्ती चालू असताना पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली तर कामगारांनी तिला वर फेकू नये. लांब पंख आणि आखूड पाय यांमुळे तिला सपाट जमिनीवरून उडणे जड जाते, म्हणून लोक तिला मदत समजून हवेत उडवतात आणि जखमी असेल तर ती आपटून मरते. तिला मोकळ्या मैदानात नेऊन उघड्या तळहातावर, डोक्याइतक्या उंचीवर शांतपणे धरावे. धडधाकट असेल तर थोडा वेळ थरथरून ती स्वतःहून झेपावते. न झेपावल्यास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खडबडीत कापड घालून ठेवावे आणि वन विभागाला कळवावे. दूध, भात, पोळी असे काहीही भरवू नये, कारण तिचा आहार फक्त किडे आहे. भिंगरीचे पिल्लू पडले असेल तर उपाय निराळा आहे. त्याला जवळच्या उंच कठड्यावर ठेवून दूर व्हावे. घरट्याबाहेर पडल्यावरही त्याचे आईबाप काही दिवस त्याला भरवत राहतात. पाकोळीचे पिल्लू एकदा घरट्याबाहेर पडले की आईबाप त्याच्याकडे पाहत नाहीत, म्हणून ते कठड्यावर ठेवून वाट पाहण्यात अर्थ नसतो.

बांधकाम खात्यातला एक वाचक :

धन्यवाद. मलप्रभेवरच्या एका जुन्या कमानी पुलाचे काम पुढच्या टप्प्यात आहे. आधी खालून पाहणी करून पिसे असलेल्या फटींवर खडूने खूण करून घेतो आणि मुकादमाला तेवढ्या सोडायला सांगतो. पाहणीला बरोबर येणारे कोणी असल्यास निरोपातून कळवावे.

जांबोटीची वाट :

मी येईन. दुर्बीण आणतो. सकाळी लवकर जाऊ, म्हणजे त्या बाहेर पडताना कोणत्या फटी वापरात आहेत ते नेमके दिसेल.